शेवटची खाच

आश्विन लागला की आमचा पेठ फाटा सकाळीच माणसांनी भरून जातो. पेठहून, सुरगाण्याहून आलेल्या जीपमधून बाया-माणसं उतरतात आणि रस्त्याच्या कडेला पिशव्या ठेवून उकिडवी बसतात. पिशवीत भाकरी, पिशवीच्या तोंडाशी छाटणीची कात्री. मग दिंडोरीकडचे, पिंपळगावकडचे बागाईतदार येतात, बोलणी होतात, टोळ्या पिकअपमध्ये चढतात आणि द्राक्षबागांकडे निघून जातात. उन्हं वर येईपर्यंत फाटा रिकामा. मागे उरतात चहाचे कागदी कप आणि झेंडूच्या पाकळ्या, कारण याच दिवसांत फुलांचे ढीगही तिथंच लागतात. झेंडूचा तो उग्र, ओलसर वास माझ्या खिडकीपर्यंत येतो.

बरीच वर्षं आश्विनात मी ती खिडकी लावून ठेवत असे. घरच्यांना वाटायचं, धुळीमुळे. धूळ हे खरं कारण नव्हतं. उकिडव्या बसलेल्या त्या माणसांत किसन असायचा.

हे मी लिहितोय ते किसनचं नाव साफ व्हावं म्हणून. ते मी घालवलं. मी आता म्हातारा झालो आहे आणि हे लिहिल्याशिवाय गेलो तर गावात जे बोललं जातं तेच खरं होऊन राहील.

आमचं घराणं पंचवटीतलं. वडील आणि काका रामकुंडावर यात्रेकरूंची कामं करायचे. मला ते जमलं नाही. मी नोकरी धरली, तीही ट्रॅक्टर विकणाऱ्या एका दुकानात. नवा ट्रॅक्टर गावात पोचवायचा आणि मालकाला तो समजावून द्यायचा, हे माझं काम. पण पंचवटी काही सुटली नाही. गावात गेलो की मालक म्हणायचा, "साहेब, वेगळा भटजी कशाला? तुमीच सांगा पूजा." मग मी बूट काढायचो, नारळ फोडायचो, बॉनेटवर स्वस्तिक काढायचो, येतील ते मंत्र म्हणायचो, आणि बूट घालून त्याच आवाजात गिअर समजावून द्यायचो. लोक दोन्ही सारख्याच श्रद्धेनं ऐकायचे. मला मंत्रांचा अर्थ जेवढा ठाऊक होता साधारण तेवढाच त्या इंग्रजी माहितीपुस्तिकेचा. दोन्ही मी पाठ केलं होतं.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आमच्याकडे नव्या धाटणीचा एक ट्रॅक्टर आला. त्याच्या पाठीमागे तेलाच्या पाइपा जोडायला दोन तोंडं होती, आणि सीटच्या उजव्या हाताला त्यांचा एक दांडा. दांडा मागे ओढला की मागचं अवजार उचललं जाई. मध्ये आणला की आहे तिथं थांबे. पुढे ढकलला की उतरे. आणि त्याच्याही पुढे, जरा जोर देऊन ढकलला की एक शेवटची खाच होती. तिथं दांडा खट्‌कन बसायचा आणि हात काढला तरी मागे येत नसे.

पुस्तिकेत त्या खाचेसमोर शब्द होता, फ्लोट. म्हणजे तरंगणं. एवढ्या लोखंडात काय तरंगणार, मला कळेना. वर्कशॉपमध्ये विचारायला हवं होतं. पण मी तिथं वयानं मोठा, सगळ्यांना शिकवणारा. मीच कसं विचारायचं? एका दुपारी दुकानाच्या अंगणात मी एकटाच सीटवर चढलो. मागे जोडलेला लेव्हलर, म्हणजे जमीन सपाट करायचं अवजार, खाली टेकलेला होता. दांडा शेवटच्या खाचेत घातला. खट्. काहीच हललं नाही. पुन्हा घातला. पुन्हा काही हललं नाही. दाराची कडी बसावी तसा आवाज होता तो. मी मनाशी म्हटलं, हे लॉक.

टेकलेली वस्तू पडत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

तो ट्रॅक्टर आणि लेव्हलर दिंडोरीच्या पुढच्या एका गावात आप्पांनी घेतला. आप्पा द्राक्षवाले. माळाची चढउताराची जमीन सपाट करून त्यांना नवी बाग लावायची होती. लेव्हलर म्हणजे बैलांनी ओढायच्या, माती सारख्या करणाऱ्या केणीचा लोखंडी थोरला भाऊ. समोर रुंद, जड पातं, मागे दोन चाकं, आणि चाकं खाली दाबून पातं वर उचलणारा तेलाचा सिलिंडर. आप्पांचे वडील, तात्या, यांनी सगळी हयात केणी हाकण्यात घालवलेली. ते नव्या अवजाराभोवती फिरले, पात्यावर बोटानं टिचकी मारली, आणि माझी पूजा चालू असतानाच म्हणाले, "भटजीबुवा, ट्रॅक्टरला संस्कृत कळतं का?"

"बैलाला कळायचं का, तात्या?"

"बैलाला मराठी कळायचं. हो म्हनलं का जागच्या जागी थांबायचा. ह्यो थांबतो का बघू."

सगळे हसले. मीही हसलो.

किसन आप्पांचा ड्रायव्हर. मूळचा पेठकडचा. पहिल्यांदा छाटणीलाच आला होता. आप्पांनी त्याचा हात पाहिला आणि ट्रॅक्टरवर बसवला. तिशीचा, कमी बोलणारा. मी समजावत होतो तेव्हा तो दांड्यावर हात ठेवून प्रत्येक खाच बोटांनी चाचपत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला मधी ठिवलं का पातं हळूहळू बसतं. सकाळी पाहावं तर जमिनीला लागलेलं. ह्याला पक्कं धरायला काय हाय?"

"शेवटची खाच," मी म्हटलं. "खट् वाजली की लॉक. मग काय बिशाद आहे खाली यायची!"

"खट् वाजली का लाक," किसन म्हणाला. यजमान माझ्यामागून संकल्प म्हणतो, अगदी तसं.

त्यानंतरचे काही आठवडे त्याला ती खाच लागलीच नाही. किसनची सवय अशी की काम संपलं की पातं जमिनीवर टेकवायचं आणि मगच उतरायचं. त्या सवयीनं तात्यांना खंडेनवमीपर्यंत जगवलं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आप्पांच्या अंगणात सडा घातला होता. पाटावर विळे, कोयते, कुदळी आणि छाटणीच्या कात्र्या ओळीनं मांडल्या होत्या. ट्रॅक्टर धुऊन झेंडूच्या माळांनी सजवला होता. बागेत छाटणी नुकतीच सुरू झाली होती. कापलेल्या काड्यांचा कच्चा, हिरवा वास अंगणापर्यंत येत होता. आप्पांनी पूजेला मलाच बोलावलं होतं. "आज गिअर नाय, फक्त मंत्र," ते दारातच म्हणाले.

हळदकुंकू वाहायची वेळ आली तेव्हा तात्या लेव्हलरपाशी गेले. "धारेला कुंकू लागलं पायजे. वरवर काय पुसायचं? धार खाली हाय." किसननं इंजिन चालू करून पातं गुडघाभर उचललं. इंजिनच्या आवाजात मंत्र ऐकू येईनात, म्हणून मी हातानंच खूण केली, बंद कर. त्यानं बंद केलं. तात्या खाली बसले, कुंकवाची बोटं घेऊन पात्याखाली वाकले. डोकं आणि एक खांदा आत.

आप्पांनी ते पाहिलं. "किसन, लाक कर रे! तात्या आत वाकल्यात!"

किसननं माझ्याकडे पाहिलं. मी मंत्र न थांबवता मानेनंच हो म्हटलं.

खट्.

फार मोठा आवाज झाला नाही. ओल्या मातीवर जड पोतं टाकावं तसा झाला. किसननं दांडा मागे ओढला, पण काही होईना. इंजिन बंद होतं, तेही माझ्याच सांगण्यावरून. त्यानं ते चालू केलं, दांडा ओढला आणि पातं आज्ञाधारकपणे वर आलं. त्याच्या धारेला कुंकू लागलेलं होतं.

तात्या नाशिकला पोचलेच नाहीत. जीप दिंडोरीतूनच परत आली.

त्या दिवशी संध्याकाळी अंगणात गाव जमलं होतं. सजवलेला ट्रॅक्टर तसाच उभा होता, कुणीतरी त्याच्या माळा काढत होतं. किसन ओट्याच्या खाली उभा होता. तो म्हणाला, "आप्पा, मी लाकच केलं. साहेबांनी सांगितलं व्हतं, खट् वाजली का लाक. इचारा त्यांना."

आप्पा माझ्याकडे वळले. "साहेब, हा म्हनतो ते खरं का?"

मला आठवतं, उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही. "मी उचल, थांब आणि उतर एवढंच सांगितलं होतं," मी म्हटलं. "शेवटच्या खाचेबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो. गडबडीत भलतीकडेच ढकलला असेल त्यानं."

किसन मला खोटं म्हणाला नाही. तो म्हणाला, "साहेब, आठवा ना जरा."

मी खाली पाहिलं. आप्पांनी त्याच्या कानाखाली मारली आणि त्याला गावातून निघून जायला सांगितलं. दिवे लागायच्या आत तो गेला. दसऱ्याच्या दिवशी गावात कुणी सोनं वाटलं नाही, पण गोष्ट मात्र घरोघर पोचली, आणि तिला एक शेपूटही फुटलं होतं. किसन प्यायलेला होता म्हणे. त्याचा नऊ दिवसांचा उपवास होता. हे मला माहीत होतं, कारण पूजेआधी त्यानं माझ्यासमोर चहासुद्धा नाकारला होता. तेही मी कुणाला सांगितलं नाही.

नंतर मी ती खाच समजून घेतली. दुकानाच्या त्याच अंगणात लेव्हलर वर उचलला, पात्याखाली लाकडाचे ओंडके लावले, आणि दांडा पुढे ढकलला. पातं ओंडक्यांवर आदळलं. ओंडक्यांवर आणि माझ्यावरही. सिलिंडरच्या दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तेल असतं. मधल्या खाचेत ते दोन्हीकडे कोंडलेलं असतं, म्हणून अवजार धरलेलं राहतं. शेवटच्या खाचेत दोन्ही बाजू मोकळ्या होतात. तेल हवं तिकडे जातं, येतं. कुणी उचलत नाही, कुणी दाबत नाही, कुणी धरतही नाही. जे वर असेल ते आपल्या वजनानं खाली येतं.

पुढे पिंपळगावजवळच्या एका शेतात मी ती खाच जशी वापरायची तशी वापरलेली पाहिली. जमीन जवळजवळ सपाट झाली होती, शेवटचा हात फिरवायचा होता. पातं जमिनीवर टेकवून दांडा पुढच्या खाचेत घातलेला. ट्रॅक्टर हलत-डुलत चालला होता, पण पातं त्याच्या हलण्याकडे लक्षच देत नव्हतं. ते फक्त जमिनीचं ऐकत होतं. उंचवटा आला की किंचित वर, खळगा आला की किंचित खाली. मागे माती अशी गुळगुळीत होत होती जशी बाई हातानं सारवते. बांधावर उभा राहून मी ते पाहत होतो. खाचेत वाईट काही नव्हतं.

तरंगणं हा शब्द आम्हा पंचवटीकरांना परका नाही. रामकुंडात रोज काहीतरी तरंगत असतं. द्रोणातला दिवा, पत्रावळ, झेंडूचं फूल. पाणी चढलं की ते चढतं, उतरलं की उतरतं. त्याचा स्वतःचा जोर काही नसतो. लहानपणापासून मी हे पाहत आलो. तरी तो एक शब्द मला लागला नाही, कारण मला तो लावून घ्यायचाच नव्हता. मला कडीचा आवाज पुरला.

त्यानंतर मी ज्या ज्या गावात ट्रॅक्टर दिला तिथं बजावून सांगितलं, ही खाच लॉक नाही, अवजाराखाली जायचं तर आधी ओंडके लावा, दांड्यावर विश्वास ठेवू नका. लोक म्हणायचे, साहेब फार जपून असतात. निवृत्त झालो तेव्हा माझं कौतुक झालं ते याच गोष्टीसाठी. मी हार घालून घेतला.

किसनला कुणीच पुन्हा ट्रॅक्टरवर बसवलं नाही. आमच्या भागात ड्रायव्हरची कीर्ती त्याच्या पुढे चालते. दुसऱ्या वर्षी आश्विनात मी दूध आणायला फाट्यावर गेलो तर तो बसलेला दिसला, हातात छाटणीची कात्री. जिथून सुरुवात केली तिथंच परत. मी दुधाची किटली घेऊन मागच्या गल्लीनं घरी आलो. पुढे प्रत्येक आश्विनात मी त्याच गल्लीनं यायचो, खिडकी लावायचो, आणि फटीतून मात्र बघायचो, आला आहे का. आलेला असायचा. अलीकडे दोन-तीन हंगाम तो दिसेना. तेव्हा मला कळलं की मी त्याच्या येण्यावर विसंबून होतो. तो येतो आहे, म्हणजे जगतो आहे, म्हणजे अजून वेळ आहे, असा हिशेब मी धरून बसलो होतो.

यंदा खिडकी उघडली आणि दिंडोरीची एसटी धरली.

आप्पा बागेतच होते. केस सगळे पांढरे. छाटलेल्या वेलींना डोळे लवकर फुटावेत म्हणून लाल रंग घातलेलं औषध लावायचं काम चालू होतं. हातमोजे घातलेल्या मजुरांची बोटं लालभडक दिसत होती. मी मुद्दाम मोठ्यानं बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आप्पा, किसन खरं बोलत होता. शेवटची खाच लॉकची, हे मीच सांगितलं होतं. तात्या गेले ते माझ्यामुळे. मी खोटं बोललो."

हात थांबले. आप्पांनी लाल मोजे काढले, ते एकावर एक घडी करून तारेवर ठेवले.

"ठाव हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नाही.

"त्याच दिवाळीला मी लेव्हलर उचलला अन् ती खाच टाकून पाह्यली. धाडकन आला खाली. तवाच कळलं."

"मग किसनला परत का नाही बोलावलं?"

"लाक कर म्हनून वरडलं कोन व्हतं, साहेब? मी. माज्या बापाखातर मीच वरडलो. किसन खरा ठरला असता तर मंग राह्यलं कोन? तुमी तर आंग काढून घेतलेलं." त्यांनी पायाखालची एक कापलेली काडी उचलली, मोडली. "खरं सांगू? तुमी खोटं बोलले तवा मला आधार वाटला."

आम्ही दोन म्हातारे तिथं उभे होतो, आणि एकमेकांकडे पाहायची सोय राहिली नव्हती. मी म्हटलं, "माझ्याबरोबर चला, त्याच्याकडे." त्यांनी मान हलवली, नाही. मी म्हटलं, "निदान गावात सांगा." तारेवरचे मोजे पुन्हा हातात चढवत ते म्हणाले, "सांगतो. खंडेनवमीला सांगतो, अंगनात." ते सांगतील की नाही मला माहीत नाही. म्हणून मी इथं लिहून ठेवतो आहे.

औषध लावणाऱ्या बायांपैकी एक पेठकडची होती. मी निघालो तेव्हा ती मागून आली. "किसनदादा आमच्याच पाड्याला ऱ्हातो," ती म्हणाली. "नजर कमी झाली त्याची. कात्री चुकती. म्हनून येत नाय."

पेठच्या पुढं जीप सोडल्यावर पाड्यापर्यंत चढ आहे. दोन्ही बाजूंना नागली, म्हणजे आपली नाचणी, पिकायला आलेली, कणसं मुठीसारखी मिटलेली. किसन घरासमोर खाटेवर बसला होता. मी नाव सांगितलं नाही, फक्त समोर उभा राहिलो.

"साहेब," तो म्हणाला. आवाजावरून नव्हे, मी तर बोललोच नव्हतो. माझ्या उभं राहण्यावरून ओळखलं असेल. कोंबड्या हाकलाव्यात तसा हात करून त्यानं मला खाटेवर जागा दिली.

जे सांगायचं ते मी सांगितलं. तो ऐकत होता. घरातून कोरा चहा आला, तो गार झाला.

"आप्पाला सांगितलं?"

"सांगितलं. बागेत, सगळ्यांसमोर."

"काय म्हनले?"

इथं अजून एकदा खोटं बोलायची सोय होती, आणि ते त्याला बरंही वाटलं असतं. "त्यांना माहीत होतं," मी म्हटलं. "त्याच दिवाळीत त्यांनी ती खाच स्वतः टाकून पाहिली होती."

त्यानं नागलीच्या शेताकडे तोंड फिरवलं. मला त्याच्या मानेची एक शीर तेवढी दिसत होती. "म्हंजी दोघांनाबी," तो म्हणाला, आणि वाक्य तिथंच सोडलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब, एक सांगा," तो शेवटी म्हणाला. "छाटणी करताना मी लय इचार करायचो. मान्सं मारायला काय कुनी खाच ठिवत नाय. मंग ती ठिवली व्हती कशाला?"

इतक्या वर्षांत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारा मीच होतो.

"हात दे," मी म्हटलं. माझा तळहात वर करून त्याचा हात त्यावर पालथा ठेवला. कात्रीचे घट्टे बोटांवर अजून होते. "हे माझ्या बोटांपासून मनगटापर्यंत शेत. तुझा हात म्हणजे पातं. दाबू नकोस. उचलून धरू नकोस. नुसता सोड."

त्याला सोडता येईना. हात ताठ राहिला, अधांतरी, माझ्या हाताला लागेल न लागेल असा. "सोड," मी पुन्हा म्हटलं. हळूहळू त्याचं मनगट सैल झालं. मी तळहात वर नेला, त्याचा हात वर आला. खाली नेला, खाली आला. "शेवटचा हात फिरवायला ती खाच. जमीन नेईल तसं पातं जातं. पण ते टेकल्यावरच टाकायची. वर असताना कधीच नाही."

"टेकल्यावर टाकायची," किसन माझ्यामागून म्हणाला. "वर असताना कधीच नाय."

मग विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

त्यानं हात काढला नाही. मी हलवायचा थांबलो होतो. त्याच्या हाताचा सगळा भार माझ्या तळहातावर होता, आणि थकलेल्या माणसाचा सोडलेला हात इतका जड असतो हे मला ठाऊक नव्हतं. माझा हात अवघडला. मी तो खालून काढून घेतला नाही.